गोणपाटावरचं खाद्य

अंडी देणाऱ्या कोंबड्यांच्या फार्मवर शंभर रुपये खर्च झाला की सत्तरच्या आसपास एकट्या खाद्यावर जातो. इथेनॉलवाले खाद्याचा मका उचलायला लागल्यापासून तर प्रत्येक मालकाचं पहिलं वाक्य ठरलेलं असतं, "डॉक्टर, फॉर्म्युला स्वस्त करा." पाणी, हवा, उंदीर याबद्दल कुणी विचारत नाही.

वाळवा तालुक्यातल्या या मालकाकडे 5,000 पक्षी. खाद्य 30 रुपये किलो पडत होतं. पंधरा टक्के मका काढून तेल काढलेला भाताचा कोंडा घातला, प्रोटीन जुळवलं, दीड रुपया खाली आणला. मालक खूश.

तीन आठवड्यांनी फोन आला. अंडी तेवढीच, पण पोती लवकर संपतायत. रजिस्टर पाहिलं तर पक्ष्यामागे रोजचे 110 ग्रॅमचे 121 झालेले.

शेडमध्ये शिरलो आणि फीडरच बघत बसलो. काठोकाठ भरलेले. फीडर एक तृतीयांशच भरायचा असतो, कारण कोंबडी वरचा मक्याचा भरडा शोधत चोचीने उकरते आणि भुकटी बाहेर उडवते. चोच कापली की खाद्य कमी उडतं; इथे चोची कापल्या होत्या, पण निम्म्या वाकड्या. पिंजऱ्यांच्या खालच्या रांगेतल्या 100 पक्ष्यांसमोर गोणपाट अंथरलं. दुसऱ्या दिवशी त्यावरचं झाडून, विष्ठा-पिसं निवडून वजन केलं : सव्वा किलो. वरच्या रांगांचंही त्यात आलं असणार, म्हणून पक्ष्यामागे पाचच ग्रॅम धरले. तरी रोज 25 किलो, महिन्याला एकवीस हजार रुपये जमिनीवर. या हिशेबाचा मला अभिमान वाटला, खोटं कशाला बोलू.

मालकाला गोणपाट दाखवलं. तो तडक कामगाराकडे गेला. मध्य प्रदेशातून आलेलं जोडपं. त्यातला नवरा एवढंच म्हणाला, "साहब, पहले चार लोग थे."

दोन महिन्यांपूर्वी दुसरं जोडपं काढलं होतं, महिन्याचे 18,000 वाचवायला. आता दोघांनी तीन वेळा खाद्य कसं टाकायचं? सकाळी एकदाच काठोकाठ भरायचं, मग अंडी गोळा करायची. हे मी मालकाला सांगितलं. "बघू," म्हणाला.

घरी जाताना गाडीत अकरापैकी उरलेल्या सहा ग्रॅमचा हिशेब लागला. कोंबडी एनर्जीचा कोटा भरेपर्यंत खाते. माझ्या कोंड्याने खाद्यातली एनर्जी पाचेक टक्क्यांनी उतरली, तिने तेवढं जास्त खाल्लं. 110 ग्रॅम 30 रुपयांनी आणि 116 ग्रॅम साडेअठ्ठावीस रुपयांनी : दोन्ही बाजूंना तीन रुपये तीस पैसे. म्हणजे माझी बचत शून्य. हे पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही कळतं, आणि मी किलोचा भाव बघत बसलो. अंड्यामागचा खर्च बघायला हवा होता.

पुढच्या भेटीत कळलं, त्या माणसाच्या पगारातून दोन हजार कापले. खालच्या रांगेसमोर गोणपाट तसंच होतं. त्याची बायको रोज त्यावरचं खाद्य तोलून भिंतीवर खडूने आकडा लिहीत होती. शेवटचा होता 400 ग्रॅम. कुणी सांगितलं नव्हतं.

मालकाला म्हटलं, त्याचे पैसे परत द्या. हसला. मका मी त्याच दिवशी पूर्वीइतका केला. का, ते त्याने विचारलं नाही, आणि मीही सांगितलं नाही.