ऑगस्टचा शेवटचा आठवडा

टेक्सासमधल्या ऑस्टिनच्या उत्तरेला असलेल्या जॉर्जटाउनमध्ये मी टॅक्स क्रेडिटवाल्या एका वसाहतीच्या फायली तपासते. ५० हजारांवर वस्ती असलेल्या अमेरिकन शहरांत २०२१-२२ या वर्षात सगळ्यात जास्त वेगानं वाढलेलं हे गाव, १४.४ टक्क्यांनी. नाशिकहून आई विचारते, "म्हणजे म्हाडासारखं का गं?" तसं नाही. इथे सरकार स्वतः एक वीटही रचत नाही. १९८६ च्या कायद्यातल्या कलम ४२ खाली बिल्डरला करसवलत मिळते, ती बँका विकत घेतात आणि दहा वर्षं आपल्या करातून वळती करतात. त्या बदल्यात भाड्याला मर्यादा आणि भाडेकरूच्या उत्पन्नालाही. एक घर जरी चुकीच्या माणसाला गेलं तरी नियम मोडल्याचा ८८२३ नंबरचा फॉर्म आयआरएसकडे, म्हणजे इथल्या कर खात्याकडे, जातो. त्यामुळे किल्ली देण्याआधी प्रत्येक फाइल माझ्या टेबलावर येते.

सप्टेंबरमध्ये आलेली फाइल उत्पन्नाच्या बाबतीत चोख होती. वीस वर्षांचा मुलगा, सोबत सोळा वर्षांची शाळकरी बहीण. आई वारल्यावर कोर्टानं त्यालाच तिचा पालक नेमलेलं. तो रात्री गोदामात काम करायचा आणि दिवसा नर्सिंगच्या तयारीचं कॉलेज, बारा क्रेडिटचे विषय, म्हणजे पूर्णवेळ. आमच्याकडे घरं भाड्यानं देण्याचं काम बघणाऱ्या पोरानं फक्त पगार बघून "तुमचं काम झालंच समजा" असं सांगून अर्जाची फीही घेतली होती. मला त्याचा राग आहे, अजून आहे. फोनवर पहिला प्रश्न हाच विचारायचा असतो: घरातले सगळे पूर्णवेळ विद्यार्थी आहेत का?

कारण सगळेच असतील तर घर मिळत नाही. गरिबांच्या घरांचं हॉस्टेल होऊ नये म्हणून केलेला नियम. अपवाद पाच. लग्न होऊन एकत्र रिटर्न भरणारे, मुलांसह एकटे पालक, सरकारी रोजगार प्रशिक्षण. यातलं एकही लागू नव्हतं. टॅनफची, म्हणजे गरीब कुटुंबांना मिळणारी सरकारी रोख मदत? बहिणीला आईच्या सोशल सिक्युरिटीतून पैसे येत होते, म्हणून ती नाकारलेली. उरलं फॉस्टर केअर, म्हणजे राज्यानं मुलाला ताब्यात घेऊन दुसऱ्या घरी सांभाळायला ठेवणं. दोघांपैकी कुणी कधी राज्याच्या ताब्यात होतं का, असं मी विचारलं.

"नाही मॅम. तिला न्यायला आले होते. मी नेऊ दिलं नाही."

नेऊ दिलं असतं आणि मग परत आणलं असतं, तर माझ्या चेकलिस्टवर एक टिक झाली असती.

तो लगेच म्हणाला, "मी एक विषय सोडतो." इथे मला दुसरं वाईट काम करावं लागलं. कॅलेंडर वर्षातल्या कुठल्याही पाच महिन्यांत पूर्णवेळ शिकलं की त्या अख्ख्या वर्षासाठी माणूस विद्यार्थी. महिने सलग नसले तरी चालतात आणि महिन्याचा एक दिवसही पूर्ण महिना धरतात. जानेवारी ते मे त्याचे आधीच भरले होते. मी टेबलावरचं कॅलेंडर त्याच्याकडे फिरवून बोटानं दाखवलं. दोन बेडरूमचं ते घर त्याच आठवड्यात दुसऱ्याला गेलं. फी मी भांडून परत मिळवून दिली, पण चार महिने ती दोघं कुणाच्या तरी गॅरेजमध्ये राहिली.

जानेवारीत तो परत आला, तेव्हा आमच्याकडे एक घर रिकामं होतं. कॉलेजचं पत्र सोबत: नऊ क्रेडिट. सोडलेला विषय अ‍ॅनाटॉमी. मी सोड म्हटलं नव्हतं. नियम समजावून सांगणं माझं काम आहे, असं मी स्वतःला बऱ्याचदा सांगते. पण तो कमी शिकला म्हणून पात्र ठरला, आणि ती फाइल मी सही करून पुढे पाठवली. बँकेचा ऑडिटर आला तर त्याला त्यात काही सापडणार नाही. माझ्या सगळ्यात स्वच्छ फायलींपैकी ती एक आहे.

किल्ली घेताना त्यानं विचारलं, "मग पुढच्या फॉलच्या सत्रात पुन्हा बारा क्रेडिट घेतले तर?"

त्याचं कॉलेज ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात सुरू होतं. मी कॅलेंडर पुन्हा फिरवलं. ऑगस्ट, सप्टेंबर, ऑक्टोबर, नोव्हेंबर, डिसेंबर. तोही माझ्याबरोबर मोजत होता. चौथ्या बोटावर थांबला आणि म्हणाला, "ऑगस्ट पण?"