तुम्ही विचारलंत म्हणून: पेन ड्राइव्ह असताना सीडी कशाला?

इंदूरला रामबागेतल्या आमच्या घरी कुणी जुना संगणक घेऊन आले, की माझ्या हातातली सीडी पाहून एकच प्रश्न विचारतात: "अहो, आता सगळे पेन ड्राइव्हवरून होते, मग तुम्ही अजून सीडीवरूनच लिनक्स का घालता?" (लिनक्स म्हणजे विंडोजसारखीच, पण फुकट मिळणारी कार्यप्रणाली.) उत्तर चहाबरोबर संपत नाही, म्हणून ते एकदा लिहूनच काढतो.

पहिले कारण यंत्राचेच आहे. माझ्याकडे येणारे बहुतेक संगणक 2005च्या आसपासचे असतात आणि त्यांतल्या कित्येकांचे बायोस (संगणक चालू होताच सर्वांत आधी जागे होणारे सॉफ्टवेअर) पेन ड्राइव्हवरून सुरू व्हायला तयारच नसते. काहींमध्ये तसा पर्याय दिसतो, पण तो निवडल्यावर पडदा काळाच राहतो. सीडी ड्राइव्ह मात्र, त्याचे भिंग हलक्या हाताने पुसले, की बहुधा निमूट वाचू लागतो. 32 बिटच्या, म्हणजे जुन्या धाटणीच्या, अशा प्रोसेसरांसाठी मी डेबियन 12ची (डेबियन हा लिनक्सचाच एक प्रकार) नेटइन्स्ट नावाची छोटी सीडी वापरतो. तिच्यात पायापुरतेच सामान असते आणि बाकीचे ती इंटरनेटवरून उतरवून घेते. ऑगस्ट 2025मध्ये आलेल्या डेबियन 13ला 32 बिटचा इन्स्टॉलरच (प्रणाली संगणकात बसवणारा प्रोग्राम) नाही, त्यामुळे बाराव्या आवृत्तीच्या दोन सीडी मी आधीच लिहून कपाटात ठेवल्या आहेत.

दुसरे कारण घरगुती आहे. आमच्याकडे पेन ड्राइव्ह टिकत नाही. कुणाच्या तरी मुंजीचे फोटो आणायला तो जातो आणि परत येतो तेव्हा त्यात इन्स्टॉलर नसून फक्त बटू असतो. एकदा लिहून बंद केलेल्या सीडीवर मात्र कुणालाच काही भरता येत नाही, विषाणूलाही नाही.

ती लिहिताना मात्र एक चूक हमखास होते. उतरवलेली आयएसओ फाइल लोक एखाद्या गाण्याप्रमाणे सीडीवर नुसती टाकतात, आणि मग संगणक त्या सीडीवरून सुरू होत नाही म्हणून सीडीलाच दोष देतात. आयएसओ ही संपूर्ण सीडीची हुबेहूब प्रत असते, त्यामुळे ती 'इमेज बर्न' करावी लागते. नंतर सीडी उघडून पाहिल्यावर आत एकच फाइल दिसली, तर ती सीडी वाया गेली असे खुशाल समजावे. सीडी लिहिण्याआधी फाइलची शा-256 बेरीज (फाइल जशीच्या तशी उतरली का हे सांगणारा आकडा) डेबियनच्या संकेतस्थळावरच्या आकड्याशी ताडून पाहावी आणि लिहिण्याचा वेग कमी ठेवावा, कारण अर्ध्यात अडकलेल्या स्थापनेत किती वेळ जातो हे ज्याचे त्यालाच माहीत.

पण माझी खरी भीती पुढच्या टप्प्याची, म्हणजे विभाजनाची (डिस्कचे भाग पाडण्याची) आहे. 2008 साली उबुंटू या लिनक्सच्याच दुसऱ्या प्रकाराची सीडी टपालाने घरपोच आणि तीही फुकट येत असे (ती सोय 2011मध्ये बंद झाली), आणि अशीच एक 8.04ची सीडी घेऊन मी मोठ्या उत्साहाने काकांच्या संगणकासमोर बसलो होतो. विंडोज तसेच ठेवून शेजारी लिनक्स घालायचे ठरले होते. मी 'संपूर्ण डिस्क वापरा' हा पर्याय निवडला आणि न वाचताच पुढे गेलो; त्याने डिस्कवरचे सगळे पुसले गेले. काकांनी अकरा वर्षे तयार केलेल्या पत्रिका त्या डिस्कवर होत्या आणि त्यांची दुसरी प्रत कुठेही नव्हती. काका काही रागावले नाहीत. चष्मा पुसत एवढेच म्हणाले, "अरे, माझ्या पत्रिकेत हा योग मला दिसला कसा नाही?" ते रागावले असते, तर मला कदाचित जास्त बरे वाटले असते.

तेव्हापासून मी मालकाच्या सर्व फायली दुसरीकडे उतरवल्याशिवाय सीडी आत सरकवत नाही. डेबियनचा इन्स्टॉलर चित्रमय पद्धतीने सुरू केल्यास भाषांच्या यादीत मराठीही मिळते, आणि ती मी मुद्दाम निवडतो. विभाजन ठरले, की केलेले बदल डिस्कवर लिहायचे का असे तो विचारतो आणि आपण काही निवडण्याआधी 'नाही' हेच उत्तर निवडून ठेवतो. तिथे मी खुर्चीवरून उठतो, संगणकाच्या मालकाला बसवतो आणि पडद्यावरचा सगळा मजकूर त्याला मोठ्याने वाचायला सांगतो. 'होय' दाबायचे ते त्यानेच.