तुम्ही विचारलंत म्हणून: फुगवायची कयाक घेऊ का?

कोणी घरी आलं आणि कपाटावरची ती निळी पिशवी त्यांना दिसली, की प्रश्न ठरलेला असतो. "ही ती हवा भरायची होडी ना? आम्ही पण घ्यायची म्हणतोय. स्वस्तातली चालेल का? पोहण्यापलीकडे पाण्याचा काही अनुभव नाही आम्हाला." मी उत्तराला तोंड उघडेपर्यंत पुढचा प्रश्न येतो: "फुटत नाही का गं मध्येच?"

दुसऱ्याचं उत्तर आधी देते, कारण ते सोपं आहे. फुटत नाही. सहा उन्हाळे मी माझी स्वस्तातली कयाक वापरते आहे. या काळात ती एकदाच पंक्चर झाली, तीही जमिनीवर आणि माझ्याच आळसामुळे. उचलून न्यायचा कंटाळा आला म्हणून खडीवरून फरफटत नेली. आपल्या मनात फुग्याचं चित्र असतं, टाचणी लागली की फट्! पण फुगा फुटतो तो ताणलेला असतो म्हणून. गाडीच्या टायरमध्ये तीसच्या वर पीएसआय (दर चौरस इंचावर इतके पौंड, हे हवेच्या दाबाचं माप) दाब असतो, तर या कयाकमध्ये जेमतेम एक, कधी त्याहूनही कमी. भोक पडलंच तर हवा सुस्कारे टाकत हळूहळू जाते. शिवाय दोन्ही बाजूंचे आणि तळाचा असे हवेचे कप्पे वेगवेगळे असतात. एक बसला तरी बाकीच्यांवर तुम्ही काठाला येता. ऐटीत येत नाही, पण येता.

मला धडा शिकवला तो वाऱ्याने. त्याच्याबद्दल मात्र मला आजवर कोणीही विचारलेलं नाही.

पहिलाच दिवस होता. तलावाचं पाणी काठाशी आरशासारखं होतं. मी बसले, चार वल्ही मारली आणि होडी अशी सुळकन निघाली की मला वाटलं, हे आपल्या रक्तातच आहे. वीस मिनिटांत मी तलावाच्या मध्यापलीकडे होते. वळले तेव्हा गार वारा तोंडावर आला आणि डोक्यात प्रकाश पडला. इतका वेळ मी वल्हवत नव्हतेच. वारा मला ढकलत होता आणि त्याचं श्रेय मी खाल्लं होतं.

स्वस्त कयाक पाण्यात बुडून बसत नाही, वर तरंगते. दहा फूट लांब, तीन फूट रुंद, बाजू फुगलेल्या आणि वजन एखाद्या सुटकेसइतकं. वाऱ्याच्या दृष्टीने ते शीडच. परतताना काठावरच्या एका वाळक्या खोडावर मी नजर ठेवली होती. दहा वल्ही मारली की ते खोड थोडं मागे सरकायचं. दम खायला थांबले की परत माझ्या बरोबरीला यायचं, आणि कयाक हळूच आडवी फिरायची. ते खोड मी तीनदा ओलांडलं. जाताना वीस मिनिटं लागली होती, येताना दीड तास लागला. दुसऱ्या दिवशी चहाचा कप दोन्ही हातांनी धरावा लागला.

त्यात भर म्हणजे स्केग लावायचा राहिला होता. स्केग म्हणजे तळाला मागच्या बाजूला बसवायचा माशाच्या परासारखा प्लास्टिकचा तुकडा. खोक्यात तो वेगळा पडलेला असतो आणि जास्तीचा सुटा भाग वाटतो. तो नसेल तर सपाट तळाची ही होडी प्रत्येक वल्ह्यासरशी नाक डावीकडे-उजवीकडे फिरवत राहते आणि निम्मी ताकद तिला सरळ ठेवण्यात जाते. तो लावा. पाणी उथळ झालं की तो तळाला घासतो, म्हणून काठ गाठायच्या जरा आधीच उतरा.

तेव्हापासून माझा नियम असा: निघताना आधी वाऱ्याच्या विरुद्ध जायचं. अंगात दम आहे तोवर कठीण भाग उरकायचा आणि थकल्यावर वारा घरी आणून सोडतो. पाण्यावर लाटांच्या डोक्यावर तुरळक पांढरा फेस दिसू लागला, तर पिशवी उघडायचीच नाही. वाऱ्याच्या ब्यूफोर्ट मापनात ही तिसरी पायरी, म्हणजे ताशी १२ ते १९ किलोमीटर. ऐकायला किरकोळ वाटतं. पण वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा रेटा चौपट होतो, आणि तुमचे दंड तेवढेच राहतात. काठाकडून पाण्याकडे वाहणारा वारा सगळ्यात फसवा. काठाशी झाडांच्या आडोशाला काही जाणवत नाही, पाणी शांत दिसतं आणि आत गेलं की तो तुम्हाला आणखी आत नेतो. समुद्राकाठी अशा वाऱ्यात ही होडी पाण्यात घालूच नका. वाहत्या नदीचं आणि बंधाऱ्याखालच्या पाण्याचंही तेच. तिथे हे खेळणं न्यायचं नाही, विषय संपला.

आता घेण्याबद्दल. खोक्यावर 'दोन जणांसाठी' लिहिलेलं असतं. त्याचा अर्थ मी असा लावते: एक जण ऐसपैस, किंवा एकमेकांवर फार प्रेम असलेले दोन जण. दोघांच्या कयाकमध्ये पुढच्याची पाठ मागच्याच्या गुडघ्यांना टेकते आणि वल्ह्यांची खडाखडी होते. उदाहरणार्थ, सगळीकडे दिसणारी इंटेक्स कंपनीची एक्सप्लोरर के-टू. लांबी ३१२ सेंटिमीटर, रुंदी ९१ आणि वजनाची मर्यादा सुमारे १८० किलो. १८० ऐकून आपण खूश होतो. पण मर्यादेच्या जवळ गेलं की होडी खोल बसते, कडेवरून पाणी येतं आणि वळता वळत नाही. मर्यादेच्या दोन तृतीयांशात सगळं बसवा, माणसं, डबे, पाण्याच्या बाटल्या, कुत्रा असेल तर कुत्रा. एकटेच जाणार असाल तर एकट्याची घ्या. मोकळी सीट पुढे ठेवून दोघांची होडी एकट्याने वल्हवणं म्हणजे वाऱ्याला आमंत्रण.

महागड्या फुगवायच्या कयाक असतात, आणि त्या खरंच वेगळ्या असतात. त्यातल्या चांगल्यांच्या तळाला ड्रॉप-स्टिच म्हणतात. वरच्या आणि खालच्या कापडाला हजारो धाग्यांनी आतून बांधलेलं असतं, त्यामुळे आठ-दहा पीएसआय हवा भरली तरी तळ फुगत नाही, फळीसारखा सपाट आणि कडक राहतो. स्वस्तातल्या कयाकचा तळ म्हणजे गादी. त्यात तुम्ही मध्ये रुतता आणि दोन्ही टोकं जराशी वर येतात. तरी पहिली म्हणून मी स्वस्तातलीच घ्या असं म्हणेन. आपण वर्षातून किती वेळा पाण्यावर जाणार हे विकत घेताना कोणालाच खरं सांगता येत नाही. दोन उन्हाळ्यांनी ते आपोआप कळतं.

वाचलेले पैसे मात्र वाचवू नका. पहिल्यांदा लाइफ जॅकेट, अंगावर नीट बसणारं. कोणाला तरी खांदे धरून वर ओढायला सांगा. कानापर्यंत आलं तर ते तुमचं नाही. ५० न्यूटनचं (हे तरंगवून धरायच्या ताकदीचं माप) साधं जॅकेट पोहता येणाऱ्यासाठी असतं. शुद्ध हरपलेल्या माणसाचं तोंड ते पाण्याबाहेर ठेवेलच असं नाही. आणि जॅकेट म्हणजे बसायची उशी नव्हे. हे लिहावं लागतंय, कारण पाहिलं आहे. नंतर वल्हं. खोक्यातली अॅल्युमिनियमची वल्ही बहुतेकदा आखूड निघतात. रुंद होडीत आखूड वल्हं बाजूवर आपटत राहतं आणि पाणी मांडीवर सांडतं. २३० ते २४० सेंटिमीटरचं घेतलंत तर एका दुपारीच फरक समजेल.

हवा भरणं हा स्वतंत्र विषय आहे. दीडशे-दोनशे वर्षांपूर्वीही लोक यात रमले होते. ब्रिटिश नौदलातल्या पीटर हॅल्केट नावाच्या लेफ्टनंटने १८४०च्या दशकात रबर लावलेल्या कापडाचा एक झगा केला. एरवी अंगावर घालायचा आणि नदी आली की भात्याने फुगवून त्याचीच होडी करायची. वल्ह्याची चालताना काठी व्हायची आणि छत्रीचं शीड. नौदलाने ती कल्पना नाकारली, पण जॉन रे या शोधप्रवाशाने आर्क्टिकच्या मोहिमांत ही होडी खरोखर वापरली. पंप मारताना घाम फुटला की मी त्या लेफ्टनंटची आठवण काढते. बिचाऱ्याला निदान झगा तरी मिळत होता.

पंप मारणं अवघड नाही, किती मारायचं ते अवघड. नवशिक्याच्या दोन चुका असतात आणि दोन्ही मी केल्या. आधी कमी भरली. होडी मऊ पडली, मध्ये वाकली आणि पाण्यात ओढ बसली. मग शहाणपण आलं म्हणून टम्म भरली, काठावर भर उन्हात ठेवली आणि मी जेवायला बसले. परत येऊन बोटाने टिचकी मारली तर ढोलकीसारखा आवाज! शिवणीजवळचं प्लास्टिक पांढुरकं पडलं होतं.

हे का होतं ते समजून घेण्यासारखं आहे. आपण एक पीएसआय म्हणतो तो बाहेरच्या हवेपेक्षा जास्तीचा दाब. बाहेरचा दाब साधारण १४.७, म्हणजे आतला एकूण १५.७. हवा २० अंशांवरून ४० अंशांवर गेली की एकूण दाब सुमारे सात टक्क्यांनी वाढतो. सात टक्के म्हणजे काय मोठंसं? पण १५.७चे सात टक्के म्हणजे एकाहून थोडे जास्त. तुमचा एक पीएसआय दोन झाला, दुप्पट! प्लास्टिक ताणतं म्हणून प्रत्यक्षात थोडा कमी, पण शिवणीची कसोटी लागतेच. उलट उन्हात भरलेली कयाक गार पाण्यात ठेवली की पाच मिनिटांत मऊ पडते आणि लोक म्हणतात, गळतीय वाटतं. गळत नसते, आतली हवा गार झालेली असते. म्हणून मी आधी जराशी कमी भरते, पाण्यावर पाच-दहा मिनिटं राहू देते आणि मग चार पंप वर मारते. जेवायला बसायचं तर कयाक सावलीत, किंवा व्हॉल्व्ह उघडून थोडी हवा सोडून.

बसण्याचं तंत्र साधं आहे. उभं राहून पाय टाकायचा नाही. गुडघाभर पाण्यात होडी शेजारी घ्यायची, आधी बूड मधोमध टेकवायचं आणि मग पाय आत. वल्हवताना हातांनी ओढू नका, कमरेतून वळा. हात पंधरा मिनिटांत संपतात, पाठ आणि पोट टिकतं. आणि वल्ह्याचं पातं उलटं नाही ना ते बघा. पातं तिरपं कापलेलं असेल तर लांब कड वर हवी. मी महिनाभर उलटं धरून मारत होते. एका अनोळखी आजोबांनी काठावरून ओरडून सांगितलं.

एक गोष्ट मात्र पहिल्याच दिवशी, कमरेच्या वर-छातीच्या खाली पाणी असेल तिथे, सोबत कोणी असताना करा. मुद्दाम पडा आणि परत चढून बघा. ही होडी रुंद असल्यामुळे सहसा उलटत नाही. पण माणूस कलंडतो, वस्तू उचलायला वाकला की जातोच. चढायला सोपं वाटतं आणि तसं ते नसतं. पहिल्यांदा मी कडेला धरून स्वतःला वर ओढलं तर अख्खी कयाक माझ्या डोक्यावर आली. जमतं ते असं: कडेला मधोमध धरायचं, पाय मागे पाण्यावर आडवे आणून जोरात मारायचे आणि पोटावर सरपटत आत जायचं, सीलसारखं. मग उलटून बसायचं. अजिबात देखणं दिसत नाही. पाणी गार असेल तर पडल्याबरोबर श्वास अडकतो आणि धाप लागते. ते पहिलं मिनिटभर नुसतं होडीला धरून तरंगायचं, चढायची घाई करायची नाही.

ठिगळाबद्दल फार सांगत नाही. साबणाचं पाणी लावून बुडबुडे शोधा, जागा पुसून कोरडी करा, ठिगळ चिकटवा आणि रात्रभर हात लावू नका. त्याच संध्याकाळी हवा भरणाऱ्यांचं ठिगळ दुसऱ्या दिवशी सुटतं.

खरा वैताग वाळवण्याचा. तळाच्या घड्यांमध्ये, सीटच्या खाली, बाजू आणि तळ जुळतात त्या खाचेत पाणी दडून बसतं. दमून घरी येता, वाटतं उद्या बघू. तो उद्या पुढच्या महिन्यात उगवतो आणि पिशवी उघडल्यावर काळे ठिपके आणि तळघराचा वास. अर्धी हवा ठेवून उभी करा, पुसा, उलटी करा, परत पुसा. आमच्याकडे दोन दिवस ती दिवाणखान्यात उभी असते आणि सगळे तिला वळसा घालून जातात. एका पाण्यातून दुसऱ्या पाण्यात जाताना तर वाळवणं आणखी गरजेचं. बारीक शिंपले, शेवाळं, झाडांचे तुकडे ओल्या घड्यांमधून प्रवास करतात आणि नव्या तळ्यात पसरतात.

मागच्या आठवड्यात ज्यांनी विचारलं त्यांना दोन मोठी माणसं आणि दोन मुलं एकाच कयाकमध्ये न्यायची होती. नाही म्हटलं. मग म्हटलं, विकत घेण्याआधी माझी घेऊन जा एकदा, वारा पडलेला असेल अशा सकाळी. पिशवीत पंप आहे, स्केग पंपाच्या नळीला दोरीने बांधून ठेवलाय, विसरणं शक्य नाही. जॅकेटं तुमची तुम्ही आणा. आणि परत देताना कोरडी द्या, खाचेत बोट घालून बघणार आहे मी.