एनर्जी ऑडिटरची परीक्षा, शिरोलीच्या भट्टीजवळून : माझा अनुभव

कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत, म्हणजे धातू वितळवून साच्यात ओतणाऱ्या कारखान्यात, मी मेंटेनन्सला आहे. शिक्षण इलेक्ट्रिकल. कोळशाकडून स्वच्छ ऊर्जेकडे जाण्याच्या बदलाचं काम करायचं म्हणून आमच्या बॅचमधले बरेच जण सोलर बसवणाऱ्या कंपन्यांत गेले आणि तिथं चांगलं कामही करताहेत. मला मात्र फाउंड्री सोडायची नव्हती. मग या बदलात आपण नेमकं काय करायचं, हा प्रश्न डोक्यात घोळत होता. त्यातूनच केंद्राच्या ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोची एनर्जी ऑडिटरची, म्हणजे कारखान्यात ऊर्जा कुठं वाया जाते ते तपासणाऱ्याची, परीक्षा द्यायचं ठरवलं.

परीक्षेची माहिती थोडक्यात सांगते. ऊर्जा संवर्धन कायदा 2001 चा आहे आणि ही परीक्षा त्याच्याच आधाराने घेतली जाते. मी दिली तेव्हा चार पेपर होते. पहिले तीन प्रत्येकी 150 गुणांचे, तीन तासांचे. चौथा 100 गुणांचा, दोन तासांचा, आणि त्याला पुस्तक उघडून बसता येतं. प्रत्येक पेपरात किमान 50 टक्के हवेत. फक्त एनर्जी मॅनेजर व्हायचं असेल तर पहिले तीन पुरतात. इंजिनिअरिंगच्या पदवीधरांना तीन वर्षांचा अनुभव लागतो, डिप्लोमावाल्यांना सहा.

तिसरा पेपर विजेचा. मोटर, पंप, पंखे, पॉवर फॅक्टर हे सगळं रोजचंच, त्यामुळे तो सोपा गेला. दम काढला तो दुसऱ्याने. बॉयलर, वाफ, ज्वलन, धुराड्यातून जाणारी उष्णता. कॉलेजात आम्हा इलेक्ट्रिकलवाल्यांना यातलं फारसं काही नव्हतंच. पुस्तकात बॉयलरची कार्यक्षमता काढायच्या दोन पद्धती आहेत, सरळ आणि तोट्यांची बेरीज करून काढायची. दुसऱ्या पद्धतीत 584 हा आकडा सारखा येतो. एक किलो पाण्याची वाफ करायला तेवढ्या किलोकॅलरी जातात. आकडा पाठ झाला होता, पण मनात काही उभं राहत नव्हतं.

माझे मामा साखर कारखान्यात बॉयलरवर आहेत. गळीत हंगाम चालू असताना परवानगी काढून त्यांच्याबरोबर आत गेले. बेल्टवरून बगॅस, म्हणजे रस काढून उरलेला उसाचा चोथा, येत होता. मामांनी त्यातला मूठभर उचलून माझ्या हातावर ठेवला. दाबला तर तळवा ओला झाला. मामा म्हणाले, "बघ की, निम्मं पाणीच हाय ह्यात. ते वाळवण्यातच केवढी आग सपतीया. पावसात भिजलेला आला की वाफ बसती खाली." तिथं उभ्या-उभ्या हिशोब केला. गिरणीतून निघालेल्या बगॅसमध्ये साधारण 50 टक्के ओल, म्हणजे किलोमागे अर्धा किलो पाणी, म्हणजे त्याची वाफ करायलाच 290 च्या वर किलोकॅलरी. असल्या ओल्या बगॅसची एकूण उष्णताच किलोला 2,300 किलोकॅलरीच्या आत-बाहेर. त्या दिवसानंतर दुसऱ्या पेपरची भीती गेली.

परतताना वाटेत एका गुऱ्हाळावर थांबलो. तिथं चिपाडं उन्हात पसरून वाळवतात आणि मगच चुलवाणात घालतात. काहिलीवरचा गुळव्या सूत्र मांडत नाही, पण तोटा कुठं आहे हे त्याला पक्कं ठाऊक आहे. कोल्हापूरच्या इंजिनिअरांनी ऊर्जेचा अभ्यास सुरू करायला याहून चांगली जागा नाही, असं मला मनापासून वाटतं.

मग तीच नजर घेऊन आमच्या विजेवर चालणाऱ्या इंडक्शन भट्टीकडे वळले. एक टन बीड (कास्ट आयर्न) वितळवून ओतण्याच्या तापमानाला न्यायला हिशोबाने पावणेचारशे ते चारशे युनिट पुरायला हवीत. प्रत्यक्षात जास्तच लागतात, कारण थोडी उष्णता भट्टीच्या थंड पाण्यात जाते, थोडी आतल्या अस्तरातून, थोडी उघड्या तोंडातून. मी प्रत्येक हीटच्या, म्हणजे भट्टी एकदा भरून वितळवण्याच्या, सुरुवातीचं आणि धातू काढून घेतल्यानंतरचं मीटरचं रीडिंग लिहायला लागले. भट्टी तीच, स्क्रॅप तेच, पण आकडा कधी टनाला 600 च्या आत, कधी 700 च्या पुढे. कारण मिस्त्रींनी सांगितलं. "मॅडम, मोल्ड तयार नसला की आमी नुसतं धरून बसतोय." म्हणजे धातू तयार, झाकण उघडं, आणि साचे येईपर्यंत वीज फक्त तापमान टिकवायला चाललेली. आता मोल्डिंग लाइनवरून निरोप आल्याशिवाय भट्टीत शेवटचा माल टाकत नाहीत. टनामागे 100 युनिट वाचली तर सुमारे 70 किलो कार्बन डायऑक्साइड वाचतो, कारण आपल्या ग्रिडच्या एका युनिटमागे साधारण 0.7 किलो निघतो. यासाठी एकही सोलर पॅनेल लावावं लागलं नाही.

हत्यारांना दाबाची हवा पुरवणाऱ्या कॉम्प्रेसरचं तर आणखी सोपं. सुट्टीच्या दिवशी, कुठलंही हत्यार हवा वापरत नसताना, कॉम्प्रेसर चालू करायचा आणि तो किती वेळ लोडवर (हवा भरत) राहतो, किती वेळ अनलोड (नुसता फिरत), हे घड्याळावर मोजायचं. लोडच्या वेळेला दोन्हींच्या बेरजेने भागलं की कॉम्प्रेसरच्या क्षमतेतली किती टक्के हवा नुसती गळतेय ते कळतं. शांत शेडमध्ये फुसफुस ऐकत फिरलं की गळक्या जागा सापडतात. सात बार दाबाच्या लाइनला तीन मिलिमीटरचं एक भोक असेल तर साधारण तीन किलोवॉट वीज हवेत जाते. चौथ्या पेपरात हेच सगळं येतं, आणि हाताने केलेलं असेल तर पुस्तक फारसं चाळावं लागत नाही.

परीक्षा पुण्यात झाली. पास झाले.

त्यानंतर जे काम हाती आलं, ते मला परीक्षेहून मोठं वाटतं. आमच्या भागात वर्षानुवर्षं रात्री वितळवायची सवय, कारण रात्रीच्या विजेला सवलत असायची. केंद्राच्या 2023 च्या नियमांनी ते उलटं केलं. ऊन असतानाच्या तासांत उद्योगांना वीज किमान 20 टक्के स्वस्त आणि जास्त मागणीच्या वेळी किमान 20 टक्के महाग, अशी दिशा ठरली. म्हणजे भट्टी दिवसा चालवायची. पण मग साचे सकाळी तयार हवेत, म्हणून मोल्डिंगची पाळी पहाटे. मे महिन्यात दुपारी भट्टीपुढे माणसं उभी करायची तर पाणी, पंखे, विश्रांती हे आधी. जून ते सप्टेंबर कोल्हापूरच्या पावसात छतावरच्या पॅनेलवर किती भरवसा ठेवायचा, हा वेगळा हिशोब. वर फाउंड्रीची वाळू पॅनेलवर बसते, ती धुवायचं वेळापत्रक वेगळं. हे गणित सोडवायला वीज, उष्णता आणि माणसांच्या पाळ्या, तिन्ही समजणारा इंजिनिअर लागतो. आपल्या कॉलेजांनी असे इंजिनिअर घडवावेत, अशी माझी कळकळीची विनंती आहे. सोलरचा एखादा विषय वाढवून हे भागणार नाही.

गोकुळ शिरगाव, कागल, शिरोली, कुठूनही कोणी ही परीक्षा देणार असेल आणि इलेक्ट्रिकलचं असेल, तर दुसऱ्या पेपरपासून सुरुवात करा. आणि बॉयलर बघायला हंगामातच जा. मार्चच्या सुमारास कारखाने बंद होत जातात, मग पुढच्या गाळपापर्यंत थांबावं लागतं.