पोपचं पत्र, न जन्मलेली माणसं आणि नदीतलं एक बेट

गेले दोन-तीन महिने उशाशी जो ढीग साचलाय त्यात एक पोपचं पत्र आहे, नीतिशास्त्राची दोन जाडजूड पुस्तकं आहेत आणि बाकी सगळ्या चमत्कारिक लघुकथा, त्यातल्या निम्म्या तरी शंभर वर्षांपूर्वीच्या. ठरवून काही नाही हां, एकाचा कंटाळा आला की दुसरं उचलायचं आणि रात्री झोप येईना की कथा वाचायची. (ही आयडिया चुकीची आहे. त्या वाचून उरलीसुरली झोपही जाते.)

पत्र म्हणजे २०१५ चं 'लाउदातो सी', पोप फ्रान्सिस यांनी पर्यावरणावर लिहिलेलं. मी धार्मिक वगैरे नाही, ख्रिश्चन तर नाहीच, त्यामुळे नाक मुरडतच उघडलं, म्हटलं असेल आपलं 'निसर्गावर प्रेम करा' टाइप. तर तसं अजिबात नाहीये, पोप फ्रान्सिस त्यात कार्बन क्रेडिटच्या (म्हणजे पैसे मोजून मिळवायच्या प्रदूषणाच्या मुभेच्या) खरेदी-विक्रीवर चक्क संशय घेतात आणि श्रीमंत देशांवर गरीब देशांचं पर्यावरणाचं कर्ज आहे असं सरळ लिहून टाकतात. पत्राचं नाव असिसीच्या संत फ्रान्सिसच्या तेराव्या शतकातल्या स्तोत्रातून घेतलंय, त्यात सूर्य भाऊ, चंद्र बहीण, पाणी बहीण, आग भाऊ. आपल्याला लगेच तुकोबांचे सोयरे आठवतात. पण मला 'सोयरे' हा शब्दच जास्त आवडतो, कारण भावाला एकवेळ गृहीत धरता येतं, सोयऱ्यांना नाही. सोयऱ्यांचा मान ठेवावा लागतो. झाडाचा मान ठेवायचा म्हणजे नक्की काय करायचं हा प्रश्न मात्र तिथेच लटकतो.

याच्या आधीची एक मजा सांगते. १९६७ मध्ये लिन व्हाइट नावाच्या इतिहासकाराने 'सायन्स' मासिकात एक लेख लिहिला की पर्यावरणाच्या संकटाचं मूळ पाश्चात्त्य ख्रिश्चन धर्माच्या माणूसकेंद्री विचारात आहे, आणि शेवटी सुचवलं की संत फ्रान्सिसला पर्यावरणवाल्यांचा संत करा. आरोप चर्चवर, उपाय चर्चच्याच घरातला. १९७९ मध्ये तेव्हाच्या पोपनी खरंच तसं जाहीर केलं.

नीतिशास्त्र वाचताना मात्र दमछाक झाली. सगळा घोळ पुढच्या माणसांचा आहे. आपण सोडलेल्या कार्बन डायऑक्साइडचा बराच भाग शेकडो वर्षं हवेत राहतो, म्हणजे ज्यांना चटके बसणार ते आज भांडायला हजरच नाहीत. मग अर्थशास्त्रज्ञ त्यांच्या वतीने हिशोब मांडतात. शंभर वर्षांनी होणाऱ्या १००० कोटींच्या नुकसानीची आजची किंमत किती, तर वर्षाला १ टक्का सूट धरली (म्हणजे पुढच्या प्रत्येक वर्षामागे किंमत तेवढी कमी धरत गेलं) की साधारण ३७० कोटी, आणि ५ टक्के धरली की जेमतेम साडेसात कोटी. मी कॅल्क्युलेटरवर दोनदा करून बघितलं. टक्केवारी कुठली धरायची यावर हवामानबदलाच्या अर्थशास्त्रावरच्या २००६ च्या स्टर्न अहवालानंतर जी भांडणं झाली ती वरवर आकड्यांची वाटतात, पण मुळात प्रश्न असा की नंतर जन्मला म्हणून माणूस स्वस्त होतो का.

आणि मग ब्रिटिश तत्त्वज्ञ डेरेक पार्फिट. १९८४ च्या पुस्तकातला त्याचा युक्तिवाद वाचून मी पुस्तक बंद करून छताकडे बघत बसले. समजा आज आपण मोठं धोरण बदललं, तर माणसं वेगळ्या नोकऱ्या करतील, वेगळ्यांना भेटतील, वेगळ्या वेळी मुलं होतील, आणि दोन-तीन पिढ्यांत जन्माला येणारी माणसंच वेगळी असतील. मग आपण काहीच न बदलल्यामुळे जे होरपळतील ते तक्रार कुठल्या तोंडाने करणार, धोरण बदललं असतं तर ते जन्मालाच आले नसते! म्हणून काहीही केलं तरी चालतं असं पार्फिट म्हणत नाही, चूक ती चूकच, पण ती का चूक हे नीट सांगणारा सिद्धांत त्याला त्या पुस्तकात शेवटपर्यंत सापडत नाही. मला तर ही भूतकथाच वाटली, फक्त भुतं भूतकाळातून यायची ती भविष्यातून आली.

म्हणूनच बहुतेक पुढे सलग चमत्कारिक कथा वाचत सुटले. अशा कथांना इंग्रजीत 'वीअर्ड' म्हणतात, त्याला मराठीत चपखल शब्द नाही, अद्भुत आणि भयानक या दोन रसांच्या मध्ये कुठेतरी बसतो तो. मूळ जुन्या इंग्रजीत त्याचा अर्थ नियती असा होता, म्हणजे आपलं प्रारब्धच की.

इथे माझं कादंबरीकार अमिताव घोषशी थोडं वाजलं (मनातल्या मनात). हवामानबदलावरच्या त्यांच्या २०१६ च्या पुस्तकात ते पोपच्या पत्राचं कौतुक करतात, पत्राच्याच वर्षी, २०१५ मध्ये, झालेल्या पॅरिस हवामान करारापेक्षा त्याची भाषा किती सरळ आहे ते दाखवतात, तिथे शंभर टक्के पटलं. पण हवामानाच्या घटना अद्भुताच्या चालीत लिहिल्या तर त्या खऱ्या आहेत हीच गोष्ट बोथट होते, असंही ते म्हणतात. हेही मला तेव्हा पटलं होतं, वाजलं ते नंतर.

मग अल्जरनन ब्लॅकवुड या इंग्रज लेखकाची १९०७ ची 'द विलोज' ही कथा परत वाचली. दोन मित्र पूर आलेल्या डॅन्यूब नदीमध्ये छोट्या होडीतून निघतात आणि वाळूच्या एका बेटावर मुक्काम करतात. पहिल्यांदा वाचताना माझं सगळं लक्ष बेटावरच्या त्या विलोच्या झुडपांवर, ती रात्रीत जवळ सरकली का, तो आवाज कसला, दुसरं वल्हं गेलं कुठे. दुसऱ्या वाचनात जे दिसलं ते पहिल्या पानांपासून तिथेच होतं. निघायच्या आधी त्यांना एकाने सांगितलेलं असतं की पाणी उतरलं की अडकून पडाल. संध्याकाळी एक माणूस होडीतून जाता जाता ओरडून काहीतरी सांगतो, छातीवर क्रूसाची खूण करतो, पण वाऱ्यात शब्द ऐकूच येत नाहीत आणि हे दोघं ते हसण्यावारी नेतात. आणि तिकडे काठाची वाळू सारखी ढासळत असते, सकाळी उठावं तर बेट आदल्या दिवसापेक्षा लहान झालेलं. यात चमत्कार काहीच नाही, साधा पूर आहे, लेखकाने तो लपवलेलाही नाही, मीच झुडपांकडे बघत बसले होते.