शिबिरस्थळाचं काम: सभागृहाच्या कैच्या चढल्या

जय ख्रिस्त! मोठ्या सभागृहाच्या सगळ्या कैच्या, म्हणजे छप्पर पेलणारे लाकडी त्रिकोणी सांगाडे, जागेवर बसल्या, प्रभूचे मनापासून आभार. लाकूडकाम हा आमच्यापैकी बहुतेकांचा सुट्टीतला छंद. त्याच छंदातून मुलांच्या आणि तरुणांच्या शिबिरांसाठी छप्पर उभं राहतंय, हे बघताना ऊर भरून येतो.

जोत्याबद्दल थोडक्यात. काटकोन 3-4-5 च्या त्रिकोणाने धरले (बाजू या प्रमाणात असल्या की कोन काटकोनच येतो), मग दोन्ही कर्ण मोजून ताडून पाहिले. पातळी पाण्याच्या पारदर्शक नळीने घेतली. एवढ्या लांबीवर मला तीच भरवशाची वाटते. काँक्रीटची ठरलेली ताकद 28 दिवसांनी धरतात, आठवड्यात साधारण दोन तृतीयांश येते. खांब उभे करायला सगळ्यांचे हात शिवशिवत होते, पण त्या काळात काम एकच: जोतं ओलं ठेवणं. आमच्या चर्चच्या मंडळीतल्या एका आजींनी ते नातवाला सोबत घेऊन अंगावर घेतलं. जोत्याला एकही तडा नाही.

आजींचा उल्लेख मुद्दाम केला. काम सुरू करण्याआधी आम्ही बायबलमधलं नहेम्याचं पुस्तक वाचतोय, यरुशलेमेचा पडलेला तट पुन्हा बांधल्याची हकिगत. तिसरा अध्याय म्हणजे नावांची लांबलचक यादी. एरवी आपण तो चटकन उलटून पुढे जातो. हातात ओळंबा असताना वाचला तर मात्र प्रत्येक ओळीपाशी थांबावंसं वाटतं. यरुशलेमेच्या तटाला सोनार लागले, सुगंधी द्रव्यं बनवणारे लागले, याजक लागले, शल्लूम आपल्या मुलींना घेऊन आला. तकोवा गावच्या सरदारांनी कामाला खांदा दिला नाही, पण तिथल्या साध्या लोकांनी आपला भाग दुरुस्त केला आणि पुढे आणखी एक भागही केला. 52 दिवसांत तट पुरा झाला, आणि कोणी कुठे काम केलं हे शास्त्रात कायमचं लिहिलं गेलं.

तेव्हापासून आमची संध्याकाळची उपकारस्तुती बदलली. पूर्वी ‘सर्व सेवकांबद्दल तुझे आभार’ एवढ्यावर प्रार्थना आटपायची. आता कामाची वही उघडतो आणि नाव घेऊन, काम सांगून देवाचे आभार मानतो. कोणी करवतीला धार लावली, कोणी दिवसभर वाकडे खिळे सरळ केले, कोणी शिडी धरून उभं राहिलं. नाव घेऊन आभार मानायचे तर दिवसभर एकमेकांच्या कामाकडे लक्ष द्यावं लागतं. त्याने हाताखालचं कामही सुधारलंय, असं माझं स्पष्ट मत आहे.

आता कैच्यांकडे. पहिली कैची जोत्यावरच आडवी मांडून जुळवली आणि तिच्यावर ठेवूनच बाकीच्यांचे सांधे आखले, त्यामुळे छपराचा उतार सगळीकडे एकसारखा आला. कैचीच्या मधल्या खांबाचा कुसू (टोकाला कोरलेली जीभ) खाचेत बसवताना एक कॉलेजची मुलगी पटाशीने कागदाएवढी साल काढायची, लावून बघायची, पुन्हा काढायची. शेवटी हाताच्या तळव्याने दाबल्यावर कुसू आत सरकला आणि सांध्यात उजेडाची रेघसुद्धा दिसेना. आजूबाजूचे सगळे हातातलं काम टाकून बघायला आले. बायबलमधल्या निर्गमच्या 31 व्या अध्यायात बसालेल नावाच्या कारागिराला देवाने आपल्या आत्म्याने परिपूर्ण केलं ते कारागिरीसाठी, लाकूड कोरण्यासाठीही. त्या सांध्याकडे बघताना मला तोच अध्याय आठवत होता.

चढवताना पहिल्या कैचीला दोन्ही बाजूंनी तात्पुरते टेकू ठोकल्याशिवाय दोर सोडला नाही. पुढची प्रत्येक कैची आधीच्या कैचीला आडव्या पट्ट्यांनी बांधत गेलो. कोणाला खरचटलंही नाही, देवाची स्तुती असो.

एका खेपेतले वासे पिळलेले निघाले. लांब तुकड्यात पीळ नडतो, आखूड तुकड्यात तो जाणवत नाही. म्हणून ते कापून खांबांमधल्या आडव्या ठोकळ्यांसाठी वापरले. त्या संध्याकाळी बायबलमधलं 1 थेस्सल 5:18 (थेस्सलनीकाकरांस पहिलं पत्र) वाचलं. ‘सर्व स्थितीत’ उपकारस्तुती करायची, तर त्यात तो दिवसही आलाच.

व्हरांड्याचा कठडा अर्धा झालाय. नव्या घराच्या धाब्याला कठडा कर म्हणजे कोणी पडणार नाही, अशी आज्ञा बायबलच्या ‘अनुवाद’ या पुस्तकात, 22:8 मध्ये आहे. मुलांची जागा म्हणून दोन गजांमधली फट 100 मिमीच्या आत ठेवली आहे, आणि चढायला पाय ठेवता येईल अशी आडवी पट्टी मधे कुठेही दिलेली नाही.

यानंतर बंक बेड, म्हणजे एकावर एक असे दोन पलंग. वरच्या बंकचा कठडा गादीच्या वर किमान 5 इंच हवा, म्हणून गादीची जाडी ठरल्याशिवाय मापं कापणार नाही. वरच्या बंकवर 6 वर्षांखालची मुलं झोपवायची नाहीत, हेही शिबिराच्या नियमांत घालतोय. शिडी उभी ठेवावी की तिरकी, यावर आमच्यात दोन मतं आहेत. ज्यांनी वसतिगृहासाठी किंवा शिबिरासाठी असे बेड केले आहेत, त्यांनी आपला अनुभव जरूर सांगा.