अळूचा वाफा आणि ४६० चौरस फूट

न्यू जर्सीत घरांचं अप्रेझल, म्हणजे कर्ज देणाऱ्या बँकेसाठी किमतीचा अंदाज, करायला गेलो की मी आधी रस्त्यावर उभा राहून छप्पर बघतो. एक बसकं, शेजारी एक उंच, अशी दोन छपरं चिकटलेली दिसली की बहुधा स्प्लिट-लेव्हल. दार थेट बैठकीत उघडतं. तिथून सहा-सात पायऱ्या वर झोपायच्या खोल्या, तेवढ्याच खाली फॅमिली रूम आणि गॅरेज. बायलेव्हलचं दार दोन मजल्यांच्या मधोमध उघडतं. समोर एवढीशी लँडिंग, चपलांचा ढीग, आणि पाहुण्यानं तिथंच उभं राहून ठरवायचं, वर की खाली. टोरांटोला माझ्या मावसभावाचं बॅकस्प्लिट आहे, ते रस्त्यावरून निव्वळ बैठं घर दिसतं. बाजूनं चालत गेलं की मागे मजले निघत जातात. एजंट मंडळी मात्र जिना दिसला की कलोनियल, म्हणजे सरळ एकावर एक दोन मजल्यांचं घर, असं लिहून मोकळी होतात.

गेल्या महिन्यातल्या त्या घरालाही जाहिरातीत 'कलोनियल, १,७८० चौरस फूट' असंच लिहिलं होतं. होतं साठच्या दशकातलं स्प्लिट. बेल वाजवली तर दारात एक काकू. माझं आडनाव वाचून म्हणाल्या, "अगंबाई, मराठी का तुम्ही? मग काही काळजी नाही." इथंच माझ्या पोटात गोळा आला. घर त्यांचं, गिऱ्हाईक दुसरंच, आणि मला नेमलेलं गिऱ्हाइकाच्या बँकेनं. चहासुद्धा नको म्हणावं लागलं.

मापं बाहेरून घ्यायची, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. मधला मजला ६२० भरला, वरचा ७००. वरच्याच्या खाली २४०चं गॅरेज आणि ४६०ची फॅमिली रूम. स्प्लिटमध्ये बेरीज चुकते ती जिन्यापाशी. जिना ज्या मजल्यावरून खाली उतरतो त्या मजल्यात तो धरायचा, म्हणजे दोनदा मोजला जात नाही. गॅरेज सोडून बेरीज १,७८० आली. एजंटचा आकडा बरोबर निघाला, हे नोंदवून ठेवायला हवं.

मग मागच्या अंगणात गेलो. फॅमिली रूमच्या भिंतीला लागून अळूचा वाफा, कोपऱ्यात टोमॅटोच्या काठ्या. माती खिडकीच्या चौकटीला टेकायला आली होती. मी टेप धरली: आतल्या फरशीपेक्षा माती सोळा इंच वर.

ए-एन-एस-आय झेड-७६५ या मोजणीच्या मानकाप्रमाणे मजल्याचा काही भाग जरी जमिनीखाली असला तरी तो अख्खा मजला जमिनीखालचा. तीन बाजूंनी ऊन येऊ दे, आत सागवानी फर्निचर असू दे. फॅनी मे ही बँकांकडून घरकर्जं विकत घेणारी संस्था; तिच्या कर्जांसाठी १ एप्रिल २०२२पासून हे मानक सक्तीचं आहे. ४६० फूट राहत्या क्षेत्रफळातून निघून तळघराच्या रकान्यात गेले. उरले १,३२०.

काकू मागे उभ्या होत्या. मी रकाना कुठला ते सांगितलं नव्हतं, पण मोजणी दोनदा केल्यावर कुणालाही कळतं. "तळघर लिहिणार का? अरे, तीस वर्षं गणपती याच खोलीत बसला. माती तर ह्यांनी आणून टाकली, ट्रक मागवून."

ट्रक मागवून. म्हणजे मूळची जमीन खाली होती? मी वाफ्याच्या कडेला मातीत पट्टी खुपसून पाहिली. सहा-सात इंचांवर सायडिंग, म्हणजे भिंतीचं बाहेरचं आवरण, लागलं. लाकडी भिंतीला माती टेकवून कुणी घर बांधत नाही, वाळवीला आवतणच ते. पण शेजाऱ्याची जागा उंच आहे, आणि त्या कोपऱ्यात मुळातच जमीन चढती असावी असं वाटलं. माती काढली असती तर मजला मोकळा झाला असता की एक कोपरा तरीही गाडलेलाच राहिला असता, ते उकरल्याशिवाय कळणार नव्हतं. मी उकरलं नाही. काकूंना 'दोन शनिवार फावडं चालवा' असंही म्हणालो नाही. बँकेनं नेमलेल्या माणसानं घरमालकाला घर कसं मोठं करायचं ते सुचवायचं नसतं. त्या दिवशी जमीन जिथं होती तिथं धरली.

किंमत ठरवताना तुलनेला मी विकली गेलेली तीन स्प्लिटच घेतली, कलोनियल एकही नाही. त्यासाठी दोन संध्याकाळी घालवल्या. कराच्या नोंदीत खालचे-वरचे सगळे फूट एकाच आकड्यात कोंबलेले असतात, ते फोटोंवरून सोडवत बसावं लागतं. तिघांपैकी दोघांचा खालचा मजला चारी बाजूंनी मोकळा. फरक तिथं पडला. माझा आकडा सौद्याच्या किमतीपेक्षा थोडा खाली बसला. फक्त या खोलीमुळे, असं छातीठोक म्हणता येणार नाही. स्वयंपाकघरही जुनंच होतं.

मातीबद्दल मी रिपोर्टात पाच ओळी लिहिल्या, सायडिंगचा फोटो जोडला. चार दिवसांनी बँकेच्या तपासनिसाची शंका आली. एकच: जाहिरातीत कलोनियल आहे, तुम्ही स्प्लिट-लेव्हल का लिहिलंत? मी दोन्ही अर्ध्या जिन्यांचे फोटो पाठवून दिले.